मॅरेनसाठी दुनळी

३० ऑगस्ट

ट्रॉय,

मी मॅरेनसाठी बंदूक घेणार आहे. गावातल्या कुणीतरी तुला सांगण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. परवानगी मागत नाहीये, हे आधीच सांगते, म्हणजे नकार लिहिण्याचे कष्ट तुला पडायला नकोत.

फोन करणार नाही. माझा फोन तू वाक्य अर्धं असतानाच बंद करतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

आता कारण ऐक. गेल्या आठवड्यात इथे अंगाची लाही होत होती, मका उभ्या जागी करपत होता आणि तुझी लेक लांब बाह्यांचा शर्ट घालून घरभर हिंडत होती. तळ्यावर पोहायला चल म्हटलं तर नको म्हणाली. ही पोरगी पाण्याला नको म्हणते म्हणजे काहीतरी आहे. मी शर्टाची कॉलर बाजूला केली. खांद्याच्या खळग्यात बशीएवढा डाग, मधोमध काळाजांभळा, कडेने पिवळा पडायला लागलेला.

"सायकलवरून पडले," म्हणाली.

"सायकलीला दस्ता असतो हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

आधी हसली, मग रडली. तुझी बारा गेजची बंदूक झाडली होती तिने. मोठ्या माणसाची बंदूक, त्यात बदकांसाठीचं जड काडतूस, आणि तिच्या अंगावर अजून मूठभर मांस नाही. ओठही आतून फाटला होता, तो ती मला दाखवत नव्हती. कुठे, कुणाच्या देखत, ते विचारू नकोस. तुझ्या बंदुका जिथे आहेत तिथेच. ज्याने तिला ती हातात दिली त्याला मी त्याच दिवशी जाऊन असं काही सुनावलं आहे, की त्याच्या कुत्रीनेही शेपूट आत घेतली.

आणि तुझ्या बंदुकांचा विषय निघालाच आहे तर तोही होऊन जाऊ दे. मॅरेनची आई गेली तेव्हाचं सांगतेय, जेनेलला मातीत ठेवून महिना झाला नव्हता. तू जेवत नव्हतास, झोपत नव्हतास, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचास. तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेशील अशी मला भीती वाटली. म्हणून तू धान्याच्या कोठारावर कामाला गेलेला असताना मी तुझ्या घरात शिरले, बंदुकांचं कपाट रिकामं केलं, सगळ्या ब्लँकेटांत गुंडाळून पिकअपमध्ये घातल्या आणि घेऊन गेले. तू म्हणालास, आईने माझ्यावर पाळत ठेवली. मी म्हटलं, हो, ठेवली. त्यानंतर मॅरेनला माझ्या दारात सोडून तू विलिस्टनला तेलाच्या विहिरींवर निघून गेलास, त्याला आता दोन वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल मी माफी मागितलेली नाही आणि या पत्रातही मागणार नाही. शोधू नकोस.

मी मॅरेनला विचारलं, "एवढी हौस कशाची होती?"

तिने बोटाचं नख कुरतडलं. मग म्हणाली, "बाबा जे करायचा त्यातलं मला काहीच येत नाही. उद्या तो परत आला तर आम्ही दोघं मिळून करणार काय?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

तर पोरगी बंदूक उचलणारच आहे. माझ्या पाठीमागे दुसऱ्याची उचलण्यापेक्षा माझ्यासमोर स्वतःच्या मापाची उचलू दे. शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग शनिवारपासून आहे, शाळेच्या जिममध्ये. नाव घातलं आहे.

तुझी आई


९ सप्टेंबर

ट्रॉय,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "माझ्या घरातून बंदुका चोरल्यास आणि आता माझ्याच पोरीच्या हातात बंदूक देतेस. तुला कळतंय का तू काय करतेस?"

कळतंय. दोन्ही मीच केलं आणि दोन्ही बरोबरच केलं. बंदूक सारखीच असते, धरणारा रोज सारखा नसतो. त्या वेळी तुझ्या हातात ती नको होती. आज हिच्या हातात चालेल. असं मला का वाटतं, त्यामागे एक कारण आहे आणि ते मी तुला सांगणार नाही. रागव, हवं तर.

शनिवारी वर्ग झाल्यावर तिला घेऊन वॉटरटाऊनच्या मोठ्या दुकानात गेले. मिसरूडही नीट न फुटलेला एक पोरगा काउंटरमागे उभा होता. मी म्हटलं, "तेरा वर्षांच्या मुलीसाठी पहिली बंदूक दाखव. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीसाठी." त्याने माझ्याकडे बघितलं, मॅरेनकडे बघितलं आणि चारशे दहा बोअरची एकनळी काढली. बोटाएवढी नळी. म्हणे, "मॅडम, पोरांची पहिली बंदूक हीच असते. हलकी, छोटी, स्वस्त."

"तू हिने किती फेझंट पाडलेस?" मी विचारलं.

"मी हरणाला जातो, मॅडम."

"मग सांगते. हिच्या काडतुसात छर्रे मोजकेच. नेम वीतभर चुकला की पक्षी पाय तुटून उडतो आणि गवतात जाऊन मरतो. मुरलेल्या शिकाऱ्याची बंदूक आहे ही, पोरांच्या गळ्यात मारतात उगाच. आणि हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते, कमी नाही. वजन असतं तेच धक्का खातं."

तो पोरगा कानापर्यंत लाल झाला, पण हटला नाही. आत जाऊन गुलाबी दस्त्याची एक घेऊन आला. त्यावर गुलाबीच पानं छापलेली. मॅरेनने ती उलटसुलट करून बघितली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ही घेऊन मी कुठल्या गवतात लपायचं?"

मला तुझी आठवण झाली. तूही असाच, चेहरा न हलवता बोलायचास.

मग त्याने एक आपोआप भरणारी काढली, वीस गेजची, तुझ्या बारापेक्षा बारीक. बंदूक चांगली होती, खोटं कशाला बोलू. धक्का मऊ, दस्ता आखूड. मॅरेनने खांद्याला लावली तेव्हा छान बसलीही. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पोरगी मान वाकडी करून, उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने बघतेय. मी तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोटांच्या फटीतून दुकानाच्या घड्याळाकडे बघ म्हटलं, आणि एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला की घड्याळ गायब. डावा डोळा धनी आहे तिचा, नेम तोच धरतो. तुझ्यासारखाच. तुझ्या बापाने, लाइलने, तुला दोन हंगाम उजव्या खांद्यावरून मारायला लावलं आणि तू आभाळाला भोकं पाडत राहिलास. लाइल म्हणायचा, पोराचं लक्ष नाही. लक्ष होतं, डोळा दुसरा होता.

डावखुरं मारायचं तर ती आपोआप भरणारी बाद. रिकामं काडतूस उजवीकडे फेकते ती, थेट तोंडापुढून. प्रत्येक बार उडाला की पोरगी डोळे मिटेल. आणि दुसरी गोष्ट, ती माझ्यासाठी पहिली आहे. तशा बंदुकीत काडतूस आहे की नाही, हे शेताच्या दुसऱ्या टोकावरून दिसत नाही. मला बिजागरीवर मोडून उघडणारी दुनळी हवी. नळ्या खाली पडल्या, उघडी दिसली, की आंधळ्यालाही कळतं की या क्षणी ती कुणाला काही करू शकत नाही. मी तेच विकत घेतेय, ट्रॉय. नुसती बंदूक नाही, उघडी दिसणारी बंदूक.

त्या दुकानात लहान मापाची दुनळी नव्हती. रिकाम्या हाताने परत आलो. वाटेत मॅरेनला दालचिनीचा पाव आणि वाटीभर राजम्याची चिली खाऊ घातली. ती म्हणाली, "आजी, तू त्या मुलाला फार बोललीस."

"बरं वाटलं मला," मी म्हटलं.

आई


२४ सप्टेंबर

ट्रॉय,

मिळाली. आपल्या गावच्याच दुकानात. एकीकडे खिळे आणि गवत कापायची यंत्रं, मागच्या भिंतीवर बंदुका, तेच. कुणाच्या तरी नातीची होती, नात कॉलेजला गेली. वीस गेज, एकावर एक दोन नळ्या, दस्ता तिच्या मापाने कापलेला. कापलेला तुकडाही त्या भल्या माणसाने जपून ठेवला होता, तो सोबत दिला. पोरगी वाढली की परत जोडता येईल. किंमत विचारू नकोस, तुझ्या पैशातून घेतलेली नाही.

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी पान भरलं आहेस. माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हातारपणी मला हट्ट सुचतात आणि तू येऊन मॅरेनला घेऊन जाशील.

ये. घेऊन जा. मी दारात आडवी पडणार नाही. पण आधी तिला विचार. ती आता दोन वर्षांपूर्वीची नाही. तेव्हा तिची बॅग तू भरली होतीस आणि तिला मोजे द्यायला विसरला होतास. आता ती आपली बॅग आपण भरते, आणि भरायची की नाही हेही आपणच ठरवते. आणि घेऊन कुठे जाणार? ट्रेलरमध्ये? जिथे तुझ्या कामाच्या पाळ्या रात्रंदिवस बदलतात आणि शेजारी कोण राहतं हे तुलाही माहीत नाही? दर रविवारी फोनवर तू तिला "शाळा कशी आहे" विचारतोस. ती "बरी आहे" म्हणते. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसता. मी भांडी घासायचं सोंग करत शेजारी उभी असते. तू तिला हाक मारशील, याचीच ती वाट बघत असते. हक्क सांगायला येऊ नकोस. हाक मारायला ये.

आता बंदूक घरात कशी आहे ते ऐक, कारण खरी धास्ती तुला तीच आहे आणि ती खोटी नाही. नवीन लोखंडी कपाट घेतलंय, तळघरात भिंतीला बोल्ट मारून बसवलंय. काडतुसं तिथे नाहीत, वेगळ्या कुलपात आहेत. कपाट उघडायचा आकडा फक्त मला माहीत आहे, मॅरेनला नाही. आणि तो तुझ्या वाढदिवसाचा नाही, जेनेलच्या नाही, तुझ्या बापाच्या मरणाच्या तारखेचा नाही. तुला माहीत असलेल्या कुठल्याही तारखेचा नाही. हे वाचून तुला टोचेल. टोचावं म्हणूनच स्पष्ट लिहिलं.

पहिले काही दिवस तिला मी एकही काडतूस दिलं नाही. रिकामी बंदूक घेऊन चालायचं. कुंपण आलं की मोडायची, खाली ठेवायची, मग पलीकडे जायचं. नळीचं तोंड कुणाच्या पायावरून जरी फिरलं तरी परत घराच्या पायरीपासून सुरुवात. एकदा नळीचं तोंड माझ्या गाढवपणाने मोकळ्या राहिलेल्या कोंबडीकडे वळलं. तिथूनही परत पाठवली. पोरगी वैतागली. "आजी, कोंबडीसुद्धा मोजायची?"

"जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग मोजायची."

शाळेची बस चालवून मी अठ्ठावीस वर्षं पोरांची ने-आण केली. कुणाला काय सांगून कळत नाही आणि करून कळतं, एवढं मला समजतं.

काल पहिल्यांदा काडतूस घातलं, हलक्यातलं हलकं. मातीची तबकडी फेकली. चुकली. दुसरी चुकली. मी म्हटलं, तबकडीकडे बघ, नळीकडे बघू नकोस. किती चुकल्या मोजलं नाही. मग एक अशी फुटली की नुसता काळा धूर. तिने आधी नळ्या मोडल्या, काडतूस काढलं, बंदूक हातावर टाकली आणि मगच उडी मारली.

हा क्रम मी शिकवला नव्हता. म्हणजे शिकवला होता, पण आनंदातही तो आठवेल असं मला वाटलं नव्हतं.

खांद्यावर डाग नाही. बघितलं.

आई


१० ऑक्टोबर

ट्रॉय,

हंगाम उघडेल त्या शनिवारी तू येतोयस हे कळलं. मॅरेनने तुझं कार्ड फ्रीजवर लावलंय, ते येता-जाता वाचते आणि वाचत नाही असं दाखवते.

माझ्या अटी ऐक. तू घरात आहेस तोवर बंदूक माझ्या घरात राहणार नाही. ती दुसऱ्याच्या घरी राहील, तिथून शेतात येईल आणि शेतातून तिथेच परत जाईल. शेतात तू बंदूक घेणार नाहीस. आल्या-आल्या मी तुला विचारणार आहे की तुझं मन कसं आहे, डॉक्टरकडे जातोस का, झोप लागते का. पोरीच्या पाठीमागे विचारीन, पण विचारीन, आणि "बरं आहे" हे उत्तर मला चालणार नाही.

तुला अपमान वाटेल. वाटू दे. अपमानाने माणूस मरत नाही.

हे मान्य नसेल तर गाडी वळवू नकोस, तिकडूनच कळव. मान्य असेल तर काही लिहू नकोस, नुसता ये. बटाट्याची लेफ्से, आपली ती पातळ पोळी, करून ठेवते. जाड झाली तरी खायची.

आई


२३ ऑक्टोबर

ट्रॉय,

निघताना तू गाडीची काच खाली करून विचारलंस, "आई, दोन वर्षं तू हे बोलली का नाहीस?" मॅरेन शेजारी उभी होती. मी "थंडी आहे, काच वर कर" म्हटलं आणि तू गेलास. त्याचं उत्तर द्यायला बसले आहे. पण उत्तराआधी त्या दिवसातलं मला जसं दिसलं तसं सांगू दे, कारण तू माझ्याकडे पाठ करून चालत होतास आणि मी शेताच्या टोकाला उभी होते. टोकावरून जास्त दिसतं.

तू आलास, मी विचारलं आणि तू नीट उत्तर दिलंस. तिथल्या डॉक्टरकडे जातोयस, गोळ्या घेतोयस, उन्हाळ्यात दोनदा वाईट दिवस आले होते, हे तू ओट्याला टेकून, कपाकडे बघत सांगितलंस. मी फक्त "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हटलं. माझ्या हातून लेफ्से करपली ती त्यामुळे. कारण तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

मग डेलबर्ट आला. तुझा शेजारी, तुझा जन्माचा शिकारसोबती, आणि या दोन वर्षांत तुला एक फोन न केलेला माणूस. कुत्री मागे बसलेली आणि मॅरेनची दुनळी पुढच्या सीटवर, उघडी. तू ती बघितलीस आणि सगळं एकदमच तुझ्या ध्यानात आलं. तुझ्या चेहऱ्यावर दिसलं ते.

"माझ्या तुझ्याकडे आहेत," तू म्हणालास.

"आहेत," डेलबर्ट म्हणाला. "दर महिन्याला तेल देतो. बारा गेजची मॅरेनला मीच दिली होती ऑगस्टमध्ये, गाढवपणा झाला. तुझ्या आईने त्याबद्दल मला सोललं आहे, तू नव्याने सुरू करू नकोस."

"तू एकदाही फोन केला नाहीस."

"काय बोलणार होतो? खोटं मला जमत नाही आणि खरं सांगू नकोस असं हिने बजावलं होतं. शिव्या द्यायच्या असतील तर शेतात चालता-चालता दे. वारा पडलाय तोवर निघू."

तू त्याला शिवी दिलीस, एकच, पण भरघोस. त्याचा खांदा सैल झाला. त्या माणसाने दोन वर्षं त्या शिवीची वाट बघितली असेल.

तुम्ही तिघं पाणथळाच्या कडेने गवतात उतरलात. डेलबर्ट एका बाजूला, तू मधे, रिकाम्या हाताने, काठीने गवत झोडत, आणि मॅरेन डावीकडे. नारिंगी टोपीत ती तुझ्या खांद्याला लागायला आलीय, ते तुला तेव्हा दिसलं का? मी बाहेर थांबले होते. कुत्रीने दोनदा फेझंटच्या माद्या उठवल्या, मॅरेनने बंदूक खांद्याला नेऊन परत खाली घेतली. मादी मारायची नसते, ते तिला माहीत आहे. मग कुंपणाजवळ एक फेझंटचा नर उठला. शेपूट हातभर, उन्हात तांब्यासारखा. असा पहिला पक्षी पोरांच्या नशिबी क्वचित येतो. पण तो वर गेला नाही. खालून, गवताला पोट घासत तुझ्या बाजूला गेला.

"मार, मॅरेन," डेलबर्ट ओरडला.

तिने नळ्या सरळ आभाळाकडे केल्या आणि पक्षी जाऊ दिला.

मला तिथून ऐकू येत नव्हतं. तिने नंतर सांगितलं, ते लिहिते. तू तिला विचारलंस, "का नाही मारलास? तुझाच होता तो."

"तू होतास तिकडे," ती म्हणाली.

तू "शाबास" म्हणालास. तुला वाटलं बोलणं संपलं. पण तिने नळ्या मोडल्या, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली, उघडी बंदूक कुंपणाला लागून गवतावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी आजीने पाळत ठेवली नव्हती. मी सांगितलं होतं. त्याच्या आदल्या दुपारी तू बंदुकांचं कपाट उघडून जमिनीवर बसला होतास, मी शाळेतून लवकर आले होते. तुला मी दिसले नाही. मी धावत आजीकडे गेले."

मग तू खाली बसलास, एवढं मी टोकावरूनही बघितलं. मी धावत यायला निघाले होते. डेलबर्टने हात वर करून मला थांबवलं. मॅरेन तुझ्याजवळ उभी होती. मग तीही बसली. तुमच्या दोन नारिंगी टोप्या गवतात दिसत होत्या, बाकी काही नाही. डेलबर्ट कुत्रीच्या कानामागे खाजवत दुसरीकडे बघत राहिला. मीही मग वळून रस्त्याकडे बघत उभी राहिले. रस्त्यावर काही नव्हतं.

तर हे उत्तर. मी बोलले नाही, कारण ती अकरा वर्षांची होती. नुकती आई गेलेली. एवढ्याशा पोरीने बापाचं नाव सांगितलं आणि त्यामुळे बाप घर सोडून गेला, असं तिच्या मनात बसलं असतं तर ते मी कशाने पुसलं असतं? तू रागावणार हे ठरलेलंच होतं. राग कुणावर तरी पडायला हवा होता. माझी पाठ रुंद आहे, माझ्यावर पडू दिला. ती मला म्हणाली होती, "आजी, बाबाला सांगू नकोस ना." मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि मी सांगितलं नाही. तिने स्वतः सांगितलं, ते तिचं होतं, तिने तिला हवं तेव्हा दिलं. मी तर ते माझ्याबरोबर थडग्यात नेलं असतं आणि मला त्याचं काही वाटलं नसतं.

आणि तू विचारलं होतंस ना, तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक द्यायचं मला सुचलं कसं? घरातली बंदूक केव्हा बाहेर गेली पाहिजे, हे त्या घरात फक्त तिला कळलं होतं. माझ्याआधी, डेलबर्टच्या आधी, आपल्या चर्चच्या पास्टरच्या आधी. अख्ख्या काउंटीत तिच्याहून भरवशाचा हात मला माहीत नाही. सुरक्षेच्या वर्गात कागदी परीक्षा घेतात. हिची परीक्षा त्याआधीच झाली होती.

तू गेल्यावर आम्ही दोघी परत पाणथळाकडे गेलो. दोन माद्या उठल्या, एक ससा गेला, बाकी काही नाही. पहिला पक्षी अजून मिळालेला नाही. घाई नाही, हंगाम लांब आहे. तिने मला विचारलं, "बाबा रागावला असेल?"

"असेल थोडा."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. स्वतःवर असेल, माझ्यावर असेल, डेलबर्टवर तर आहेच."

"पण परत येईल?"

मी तिला हो म्हणून सांगितलं आहे. तुला न विचारता. जशी बाकीची कामं केली तसंच हेही.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला माझ्या त्याच अटी असतील, एक शब्दही कमी नाही. पुढच्या वर्षीही असतील. दारात उभा केल्यावर आधी विचारीन की तुझं मन कसं आहे, मग आत घेईन. कंटाळशील, चिडशील, म्हणशील की म्हातारी पुरे करत नाही. म्हण. मी पुरे करणार नाही.

रागावून आलास तरी चालेल. पण ये.

तुझी आई